शेवटची धून लावू नकोस

एर्सिरा चिग्वायचा आवाज ओळखत नाही असं घर आचाओ बंदरासमोरच्या बेटांवर सापडायचं नाही. चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. आधी ती त्यातल्याच एका बेटावर मास्तरीण होती. पोरंबाळं घेऊन माणसं शहराकडे गेली, शाळा मिटली आणि ती आचाओच्या रेडिओवर आली. रोज दुपारी ती निरोप वाचायची: कुणाची बोट निघाली, कुणाचा बैल कुणाच्या बटाट्यांत शिरला, इस्पितळातून कोण सुटलं. बेटांवर तेव्हा वीज नव्हती. बॅटरी पुरवून वापरायची म्हणून लोक निरोपांपुरताच रेडिओ लावत आणि शेवटची वॉल्ट्झची धून सुरू झाली की बंद करून टाकत. त्यानंतर वाचलेला निरोप म्हणजे समुद्राला सांगितल्यासारखाच.

रेडिओचं जुनं फॅक्सयंत्र मोडल्यापासून इस्पितळाचे फॅक्स थेट संगणकात येत. त्या दिवशी निरोप वाचता वाचता तिला पडद्यावर नवा फॅक्स दिसला. तो बेलार्मिनो कोलिवोरोसाठीच असणार, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं, रोसाल्बाचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर तो बेटावरून निरोपांची वाट बघत होता. बोट त्याच्या बेटाला लागत नसे. कुणी होडी वल्हवत समोर आलं तरच थांबायची, नाहीतर माणसाला घेऊन पुढच्या बेटाला निघून जायची. टाके घातलेल्या बाईला तिकडून परत आणणार कोण?

एर्सिराने फॅक्स उघडायला बटण दाबलं, तर गाण्यांचा प्रोग्राम उघडला आणि ही फाइल वाजवता येत नाही म्हणाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिने हातानेच हेर्नान ओयार्सोला खुणावलं. हेर्नान म्हणजे गाणी लावणारा, चाळिशीचा, 'माते' नावाच्या कडू चहाचा प्याला हातातून न सोडणारा माणूस. फॅक्स खराब आला असेल, उद्या परत मागवू, असं तो कुजबुजला आणि सवयीने त्याचा हात धुनेकडे गेला.

एर्सिराने माइक हाताने झाकला. "शेवटची धून लावू नकोस. धून लागली की बेलार्मिनो गेला."

मग तिने बैलाचा निरोप पुन्हा वाचायला घेतला, इतका सावकाश की बैलालाही लाज वाटावी. इस्पितळाला फोन लावावा, तर जेवणाच्या वेळी तिथे कुणी उचलत नसे. वाचता वाचता तिची नजर पडद्यावर फिरली. काल-परवाचे फॅक्ससुद्धा बदलले होते. आधी प्रत्येकापुढे छोटंसं कागदाचं चित्र असे. आता सगळ्यांपुढे गाण्यांसारखी सुरांची खूण होती.

माइक पुन्हा झाकून तिने विचारलं, "हे फॅक्स गाणी कधीपासून झाले रे?"

हेर्नानचा चेहरा उतरला. गाणं लावताना संगणक दरवेळी 'कशात उघडू' म्हणून विचारायचा, त्याला वैतागून काल त्याने गाण्यांच्या प्रोग्राममध्ये दिसेल त्या प्रकारच्या फाइलपुढे बरोबरची खूण केली होती. फॅक्स म्हणजे खरं तर कागदाचा फोटो. तोही त्या यादीत बसला होता. आता त्याने फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं, 'कशाने उघडायचं' हे निवडून फॅक्स बघण्याच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं.

एर्सिरा म्हणाली, "खाली 'नेहमी यानेच' असं लिहिलंय. तेही कर. उद्या मला परत बैल वाचायचा नाहीये."

पानं उघडली. रोसाल्बा उद्या सकाळच्या बोटीने निघते आहे, टाके ओले आहेत, तिला काही उचलू देऊ नये, वाकू देऊ नये, आणि पोट साफ होत नसेल तर भरपूर पाणी द्यावं. एर्सिराने सगळंच्या सगळं तीनदा वाचलं. मग हेर्नानकडे मान हलवली आणि धून लागली.

दोन दिवसांनी बोटीचा तांडेल रेडिओच्या खिडकीशी आला. त्याच्याकडून कळलं की बेलार्मिनो धुक्यातही होडी घेऊन हजर होता आणि होडीत त्याने स्वयंपाकघरातली गादीची खुर्ची दोरीने बांधून आणली होती. रोसाल्बा खुर्चीत बसली खरी, पण घरापर्यंत नवऱ्याशी बोलली नाही.

"का?" एर्सिराने विचारलं.

"बोटीत प्रत्येक जण तिला विचारत होता," तांडेल म्हणाला, "पोट साफ झालं का म्हणून."