हेब्बाळच्या तळ्याकाठची खरखर

मोबाइलच्या दुकानात सोल्डरिंगचा, तारेला डाग देण्याचा वास आला आणि वडिलांची, अण्णांची, नव्वदच्या दशकातली जुनी गाडी आठवली. आई सांगलीची, लग्न होऊन इकडे आलेली. घरी सांगलीचं स्टेशन पकडत नसे, म्हणून संध्याकाळी हेब्बाळच्या तळ्याकाठी गाडीत बसून ती ते गाडीच्या रेडिओवर ऐकायची. तिच्या शेवटच्या आजारपणातच गाडीची एरियल मोडली. अण्णांनी कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून तिथे डाग दिला, आईला उचलून गाडीत बसवलं आणि तळ्यावर आणलं. रेडिओवर नुसती खरखर.

“स्वल्प थांब, येईल,” अण्णा बाहेर उभे राहून तार फिरवत होते.

“आलं की हो,” आई डोळे मिटून म्हणाली. “बसा आता.”

तेव्हा मला वाटलं, तिला भास होतोय. आता कळतं, तिला त्यांची धडपड बघवत नव्हती.

अण्णा आत बसले, आणि त्यांनी त्या खरखरीचा आवाज वाढवला.