इंजिनावरच्या अक्षता
खंडेनवमीला झेंडूचा आणि मशीन ऑइलचा वास एकत्र आला की माझं डोकं आजही फिरतं. सत्तरच्या दशकात, सोलापुरात, मी आणि माझ्या मित्रानं वर्षभर खपून रेडिओनं उडवायच्या छोट्या विमानासाठी पेट्रोलवर चालणारं फोर-स्ट्रोक इंजिन घडवलं होतं. मुठीएवढं, पण मोटारसायकलीसारखं धडधडणारं. ज्यांच्या लेथवर ते केलं, त्या मालकांच्या वर्कशॉपमध्येच ते ठेवलेलं असायचं. दसऱ्याच्या सकाळी पहिल्यांदा विमान उडवायला आम्ही माळावर गेलो. मालकही हौसेनं आले, चार माणसं जमली. मी पंखा फिरवला, इंजिनानं दोन ठोके दिले, आत खट्‌कन वाजलं आणि पंखा जागच्या जागी अडकला. तिथंच इंजिनाचं हेड उघडलं, तर व्हॉल्व्ह वाकलेला आणि त्याच्या फटीत कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा. "काल हत्यारांसंगं ह्याची बी पूजा केली की," मालक म्हणाले. "तुमी चिडाल म्हणून वरनं पुसून ठेवलं." "अहो, कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं, तिथून दाणा आत गेला!" मी ओरडलो. तर ते शांतपणे म्हणतात, "देवाच्या अक्षतांनी कुटं वाईट व्हतंय व्हय?" जमलेली माणसंही मलाच समजावायला लागली, सणासुदीला असं ओरडू नये म्हणून. ते इंजिन पुन्हा कधीच चाललं नाही. आता ते माझ्या कपाटात असतं, आणि दर खंडेनवमीला घरातले हातात अक्षता घेऊन मला विचारतात, "याच्यावर टाकल्या तर चालतील ना?" आता काय, टाका मूठभर!