पत्रावळीवरचा पत्ता

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर रजियाचं दुकान. आधी तिथं तिच्या अब्बांचा, रशीदभाईंचा, एसटीडी बूथ व्हता. खिशाखिशात मोबाईल आले, बूथ मेला, आणि रजियानं त्याच काचेच्या खोलीत दोन कॉम्प्युटर बसवले. सासरी चार वर्षं काढून ती परत आल्ती. का आली, ते अख्ख्या बाजारानं विचारून पाह्यलं. तिनं कुणालाच सांगितलं न्हाई. स्वतःचं गाठीला बांधून ठेवणारी बाई.

पण गिऱ्हाइकांच्या बाबतीत तिनं नेमकं उलटं केलं. कोणताबी फॉर्म भरा, त्यात ईमेलचा रकाना आलाच. लोक विचारायचे, "हे काय असतंय, आपा?" खेड्यावरची पत्रं जशी किराणा दुकानाच्या मार्फत येतेत, तशी रजियानं दुकानाचीच एक ईमेल काढली आणि सगळ्यांच्या फॉर्मवर तीच टाकली. पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहून ठेवला. ज्याला पाह्यचं त्यानं पाह्यचं. त्यामुळं झालं काय, रखमाजीच्या पोराला कारखान्यानं नोकरीला न्हाई म्हणलं, ते पोराच्या आधी चहावाल्याला कळलं. पोरगं महिनाभर त्या टपरीवर गेलं न्हाई.

मंग कुणीतरी त्याच पत्त्यावर लॉटरीचा, रिंगटोनचा आणि फुकट राशिभविष्याचा फॉर्म भरला. दिवसाला शंभर-दीडशे पत्रं यायला लागली. पेटी गच्च भरली आणि कामाची पत्रं दारातूनच माघारी जायला लागली.

रजियानं तीन दिवस धुंडाळून एक वेबसाईट काढली. तिथं पासवर्ड न्हाई, नोंदणी न्हाई. मनाला येईल ते नाव टाका, पत्ता तयार. पत्र वाचा आणि विसरून जा. पत्रावळच ती, जेवण झालं की उकिरड्यावर. लॉटरीवाले बसू द्या म्हणावं तिथं बोंबलत. रजिया बेहद्द खूश झाली, आणि त्या खुशीतच तिच्या हातून घोळ झाला.

सोमवारी कौसल्या आली. धर्मराज जीपवाल्याची थोरली पोरगी, बारावी झालेली. जालन्याच्या एका नर्सिंग शाळेचा फॉर्म भरायचा व्हता. मुलाखतीची तारीख ईमेलवरच येणार. घरात ठरलं व्हतं, औंदा नंबर लागला तर शिक, न्हाई तर दिवाळीनंतर लग्न. रजियानं फॉर्म भरला, आणि पत्त्याच्या रकान्यात तिलाबी पत्रावळच वाढली.

मंगळवारी सकाळी रजिया तिथलंच एक कालचं पत्र पाह्यला गेली, तर पेटी कोरी. तिनं खालचं बारीक इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. पत्रं काही तासांनी आपोआप पुसली जातेत. आणि ज्याला नाव माहीत हाय, त्याला ती उघडता येतेत. तिला कौसल्याचा फॉर्म आठवला. पोरीची तारीख येईल, पुसली जाईल, आणि कुणाला कळणारबी न्हाई.

गप बसली असती तर तिला कुणी विचारलं नसतं. तिनं जीपस्टँडवर निरोप धाडला. कौसल्या धापा टाकत आली, आणि रजियानं तिला सगळा घोळ सांगितला.

"मंग आता, आपा?"

"आता माझी चूक मीच निस्तरते. पहिलं तुझ्या नावाचा पक्का पत्ता काढू."

"ह्यो तरी राहील का?"

"राहील. पासवर्ड विसरायचा न्हाई आणि कुणाला सांगायचा न्हाई. मलाबी न्हाई."

"तुम्हालाबी?"

"मला तर बिलकुल न्हाई. भिंतीवर कुणी लिहिल्ता?"

कौसल्याला हसू आलं. रजिया बाहेर जाऊन चहा पिऊन आली, तवर पोरीनं एका बोटानं पासवर्ड टाईप करून घेतला.

बुधवारी दोघी जालन्याला निघाल्या. अंबडपर्यंत धर्मराजची जीप.

"एका पत्त्यापायी दोन बाया जालन्याला?" धर्मराज गिअर टाकत म्हणला. "फोन करायचा की."

"केल्ता, भाऊ. म्हणले, अर्ज घेऊन समक्ष या."

पुढं एसटी. शाळेत चष्मेवाला कारकून बसल्ता. त्यानं अर्ज वाचला, मंग पोरीकडं पाह्यलं. "सोमवारी फॉर्म भरला, आन् बुधवारी पत्ता बदलायला आली? लग्नबिग्न झालं का मधीच?"

रजिया तोंड उघडणार, तवर कौसल्याच बोलली, "न्हाई साहेब. लग्न झालं तरी बदलणार न्हाई, असा पत्ता आणलाय. तो लिहा."

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडं पाह्यलं आणि पेनाचं टोपण काढलं. जुनं खोडून नवं लिहिलं. कौसल्यानं एकेक अक्षर त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. शेजारचा शिपाई हसून राह्यला व्हता; हसू द्या म्हणावं.

आल्यावर रजियानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली. लॉटरी, रिंगटोन, भविष्य असलं काही भरायचं असलं, तर पत्रावळ. नोकरी, शिक्षण, सरकारी काम असलं, तर ज्याचा त्याचा पत्ता, ज्याचा त्याचा पासवर्ड. लोक कुरकुरले. रखमाजी म्हणला, "आता ह्येबी ध्यानात ठेवायचं? मला माझ्या बकऱ्या मोजता येईनात."

"बकऱ्या दुसऱ्याच्या दावणीला बांधता का, मामा?" रजियानं विचारलं. म्हाताऱ्यानं दुसऱ्याच दिवशी पोराला पाठवलं.

कौसल्या रोज दुपारी यायची, पेटी उघडायची, बंद करायची, जायची. आठ दिवस गेले. रजियानं एकदाबी विचारलं न्हाई, पण तिचा चहा रोज गार व्हायचा. जालन्याला परत फोन करावा का, असं तिला दोनदा वाटून गेलं.

नवव्या दिवशी पोरगी कॉम्प्युटरपुढं बसली ती उठेचना. रजिया दुसऱ्या कॉम्प्युटरवर कुणाचातरी अर्ज टाईप करून राह्यली व्हती. एकच ओळ तिनं तीनदा टाईप केली.

"आपा."

"हं."

"पंधरा तारीख. सकाळी दहा वाजता. सगळे ओरिजनल कागद घेऊन या म्हणतेत."

रजिया जागची हलली न्हाई. "नीट वाच. तुझं पत्र हाय."

"वाचलं की, तीन डाव वाचलं." कौसल्या स्टुलावर सरकली, अर्धी जागा मोकळी केली. "आता तुम्ही या. बघा."