गोल शिक्क्याची सूचना

श्रावणातला मंगळवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, म्हणजे गावची ग्रामसेविका, आमचे शिपाई, आणि संगणकावर बसणारी ताई. जागा: वैनगंगेकाठी, बपेऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातलं ग्रामपंचायत कार्यालय. त्या दिवसाची नोंद मी संध्याकाळीच वहीत केली, म्हणून क्रम चुकत नाही.

वरच्या धरणातून पाणी सोडत असल्याचा निरोप तुमसरहून आला. दुपारी एकच्या आत काठावरची घरं रिकामी करायची होती. आमची पद्धत ठरलेली. सूचना टाइप करायची, छापायची, सही करायची, गोल शिक्का मारायचा आणि त्या कागदाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा. शिक्का नसलेल्या कागदावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. देवळावरचा भोंगाही लावला, पण पावसात तो नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलाच्या, पलीकडे ऐकू जात नाही.

पावणेबारापर्यंत काठावरच्या यादीतली घरं रिकामी होऊन त्यांपुढे खूण झाली. एकच घर राहिलं. रपट्यापलीकडे दिवसा एकटेच असणारे, मासेमारीची जाळी विणणारे काका. त्यांना दिसत नाही. मुलगा तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला, तो सकाळीच गेलेला. ताई म्हणाली, "मॅडम, काकांनी मेसेज उघडला आहे. त्यांच्या नावापुढे निळी खूण दिसून राहिली."

मी निर्धास्त झाले. त्यांच्याकडे बोलणारा फोन आहे, मेसेज वाचून दाखवतो. मग माझी नजर टेबलावरच्या त्या शिक्केवाल्या कागदावर गेली. फोन अक्षरं वाचतो. आम्ही अक्षरं पाठवलीच नव्हती. आम्ही कागदाचं चित्र पाठवलं होतं.

हे मला माहीत होतं, हेच जास्त वाईट. दोन महिन्यांपूर्वी भंडाऱ्याला प्रशिक्षण झालं होतं. संकेतस्थळ असो की फोनवरची सूचना, दिव्यांग माणसाला ती स्वतः वाचता आली पाहिजे, आता हे कायद्याने बंधनकारक आहे, असं सांगून तपासणीची यादी दिली होती. मी परत येऊन ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावरची अक्षरं मोठी केली आणि एका दुपारी सगळ्या मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी मी अक्षरं मोठी केली होती.

काकांचा फोन लागेना. शिपाई आणि मी निघालो. रपट्यावरून पाणी वाहायला लागलं होतं, घोट्याच्या वर, गढूळ आणि जोरात.

"मॅडम, तुम्ही इथंच थांबा," शिपाई म्हणाले.

"सूचना माझी आहे. मी येते."

"सूचनेले पोहता नाही येत जी."

तरी मी गेले. त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून, पाय न उचलता, घासत. मनात एकच हिशेब चालला होता: दार बंद असलं तर काय, आत हाक गेली नाही तर काय.

काका ओसरीवर बाजेवर बसून जाळं विणत होते. पाणी खालच्या पायरीला लागलं होतं.

"कोन?"

"मी, ग्रामपंचायतीची मॅडम. काका, उठा. पाणी सोडलंय."

"मंग सांगाचं ना जी!"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"फोन म्हने, फोटो. मी म्हनलं, असन कोनाचा वाढदिवस. रोज सकाळी तेच तं येते."

शिपाई हसले. मला हसू आलं नाही.

"आवाज वाढला हे समजलं मले," काका जाळं गुंडाळत म्हणाले. "पन किती येनार, हे पानी थोडीच सांगते?"

शिपायांच्या खांद्यावर हात ठेवून ते रपट्यावर उतरले. मागे मी, जाळ्याचं गाठोडं घेऊन. पाणी आता गुडघ्याशी होतं. मधोमध काकांचा पाय घसरला, शिपायांनी दंड पकडला, आणि आम्ही पुन्हा पाय घासत पुढे निघालो. एक वाजायच्या आधीच रपटा दिसेनासा झाला. काठावरच्या लोकांना शाळेत हलवलं होतं, तिथल्या व्हरांड्यात ताईने आणि मी सगळ्यांना चहा दिला.

तिथेच मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी एकटाच आहो का जी? मोहाच्या टोलीतल्या त्या म्हातारीले दोन सालापासून दिसून नाही राह्यलं. सुनेले सांगत नाही, भेते."

मोहाची टोली ही आमच्याच गावची लांबची वाडी. माझ्या यादीत दिव्यांग म्हणून एकच नाव होतं. काकांचं, तेही प्रमाणपत्र होतं म्हणून.

आता सूचना आधी साध्या अक्षरांत जाते, मागून शिक्क्याचा फोटो. पहिल्या वेळी तीन फोन आले: "मॅडम, शिक्का कुठाय? कोनी मजाक तं नाही केली?" काकांचा मात्र आवाजी निरोप आला, "आयकलं जी."

त्याशिवाय मी घरोघर जाऊन विचारते आहे: ग्रुपवरचं तुमच्या घरात कोणाला वाचता येत नाही? दारात सुनेसमोर विचारलं तर म्हाताऱ्या बाया खोटं सांगतात, म्हणून एकटीला गाठावं लागतं. गावातली घरं झाली. त्या म्हातारीचं घर धरून मोहाच्या टोलीतली चौदा घरं राहिली आहेत. टोलीचा रस्ता चिखलाने बंद आहे, आणि उद्यापासून पुन्हा जोराच्या पावसाचा इशारा आहे.