भिंतीकडे तोंड केलेला मत्स्यावतार

प्रलयजलातून वेदांना तारून नेणाऱ्या आदिमीनाला प्रथम वंदन. आज मत्स्यजयंती, तिच्या निमित्ताने गतवर्षी माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगतो.

कर्जतच्या आमच्या घरी मुलगी सासरी जाताना ठेवून गेलेली माशांची काचेची टाकी आहे. तिच्या मागे पंपाच्या वायरी आणि ओल आलेली भिंत दिसे. पत्नीने मागची काच बाहेरून निळी रंगवायला सांगितले. अधिक काही नाही. जयंतीच्या सकाळी मासे स्वच्छ पाण्यात पोहावेत आणि दर्शनाला येणाऱ्या शेजारणींना त्या वायरी दिसू नयेत, एवढीच तिची इच्छा होती. चारही मासे माझ्या स्नानाच्या बादलीत सोडून तिने रिकामी टाकी माझ्या स्वाधीन केली. हातात तीन दिवस होते.

माझ्या मनात मात्र आले की, नुसता निळा रंग कशाला? साक्षात मत्स्यावतारच रेखावा, म्हणजे मासे आपल्या कुलपुरुषाच्या सान्निध्यात राहतील.

पहिल्या दिवशी समुद्र रंगवला. तो वाळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर देह, शंख, चक्र आणि मुकुट. नेत्र राखून ठेवले, कारण मूर्तीचे नेत्र सर्वांत शेवटी उघडायचे असतात. तिसऱ्या दिवशी, बादली व्यापलेली असल्याने तांब्याभर पाण्यात स्नान उरकले, पूर्वाभिमुख बसलो आणि मंत्रोच्चारासह नेत्र रेखले. मग कृतार्थ होऊन पत्नीला बोलावले.

ती टाकीच्या समोरच्या बाजूस उभी राहिली. “निळा छान झालाय. पण याला तीन दिवस?”

मी लगबगीने समोर गेलो. काचेवर प्रथम लावलेला समुद्र तेवढा दिसत होता. देव त्याच्या आड, भिंतीकडे तोंड करून होते.

टेंपोंच्या काचांवर चित्रे काढणारा पळसदरीचा एक रंगारी ओळखीचा होता. त्याला बोलावणे धाडले. त्याने दोन्ही बाजूंनी सावकाश पाहिले.

“काका, काचंवर सगळं उलटं असतं. डोळे पैले, पानी शेवटी.” त्याने खिशातून पाते काढले. “खरवडू आन् नवा काढू.”

मी टाकीला पाठ लावून उभा राहिलो. नेत्र उघडलेल्या देवाला पाते लावणे मला शक्य नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. त्याने पाते निमूट खिशात ठेवले, चहा घेतला आणि जाताना देवाचा डावा डोळा जरा मोठा झाल्याचेही नोंदवून गेला.

टाकी फिरवून पाहिली. देव समोर आले, पण मासे त्यांच्या पाठीमागे कायमचे झाकले गेले असते. तिसरा दिवस मावळत आला होता.

आमची बैठकीची खोली आणि देवघर यांमधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा आहे. त्यात माझ्या पोथ्या असत. पत्नीने बादलीकडे पाहिले, टाकीकडे पाहिले, आणि शेवटी कोनाड्याकडे.

“अहो, मासे तीन दिवस तुमच्या बादलीत, देव भिंतीला तोंड लावून. दोघांनाही मोकळं करा. पोथ्या कपाटात ठेवा.”

जयंतीच्या सकाळी बैठकीतून शेजारणींना निळ्या समुद्रातले मासे दिसले, देवघरातून मला देव. वायरी आता देवघराच्या बाजूला लोंबत होत्या; पत्नीने त्यांवर झेंडूची माळ सोडली. एका शेजारणीने पंपालाही भक्तिभावाने हळदकुंकू वाहिले. मी तिला अडवले नाही. त्या दिवशी मी बादलीभर पाण्याने स्नान केले होते आणि चित्त अत्यंत प्रसन्न होते.

तो आदिमीन, वाचकहो, आपल्या घरी निर्मळ पाणी आणि समजूतदार माणसे सदैव नांदवो, आणि आपल्या देव्हाऱ्यातला देव नित्य आपल्याकडेच पाहत राहो.