पारावर बसून भरलेल्या बांगड्या

“ताई, औंदा मला कागदातल्या बांगड्या नकोत. पारावर बसून भरायच्यात, सगळ्यांसारख्या.”

चित्राचा हा फोन आला आणि पंचमीच्या आठवड्यात शिराळ्याकडं जायचं मी ठरवलं.

चित्रा दहावीत आहे, तिची बहीण सोनी सहावीत. (नावं बदलली आहेत, आणि गावाचं नाव मी देणार नाही.) आईवडील दोघंही एचआयव्हीनं गेले. आता त्या शालनआत्याकडं, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडं राहतात. एका लहान संस्थेतर्फे मी त्यांच्या शाळेचं आणि दवाखान्याचं बघते. नागपंचमीआधी त्यांच्या गावात हसीनाचाची बांगड्यांची पाटी घेऊन मारुतीच्या पारावर बसतात आणि बायका-मुली एकेक करून हात पुढं करतात. या दोघींना मात्र चाची बांगड्या कागदात बांधून देतात. घरी साबण लावून त्या एकमेकींच्या हातात चढवायच्या.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. माझं चुकलं तर सांगणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय लागली. निघण्याआधी ओळखीच्या डॉक्टरबाईंना विचारलं, बांगडी फुटून काच लागली तर? त्या म्हणाल्या, “हात हातात घेतल्यानं काही होत नाही. रक्त आलंच तर ते कुणाचंही असो, दुसऱ्यानं उघड्या हातानं पुसायचं नाही. धुवायचं, पट्टी लावायची.” मी कापूस, पट्ट्या, हातमोजे पर्समध्ये भरले. आई म्हणाली, “बांगड्या भरायला चाललीस का ऑपरेशनला?”

सकाळी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून साताऱ्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, फक्त सुटे पैसे जवळ ठेवा. साताऱ्याच्या स्टँडवर मिसळ खाल्ली, आत्यांसाठी कंदी पेढे घेतले आणि कोल्हापूरच्या गाडीत बसले. कराडच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं, तेव्हा वेळ जास्तीचा धरा. पेठनाक्याला उतरलं की शिराळ्याकडं वडापची, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. दोन्ही बाजूंना ऊस आणि ओलं सोयाबीन. पंचमी बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा, सणाला गर्दीत गाडी पुढं सरकत नाही.

आत्यांनी भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. “ताई, जेवून घ्या आधी. पारावर काय हुईल ते हुईल.” चित्रा जेवलीच नाही. तिनं हात दोनदा धुतले होते.

पारावर पाचसहा बायका होत्या. आम्ही दिसताच हसीनाचाचींनी सवयीनं कागद काढला. मी म्हटलं, “कागद नको चाची, बसून भरायच्यात.”

चाचींनी मला बाजूला घेतलं. “पोरी, दोघींत कुणाला हाय तेवढं सांग. मी कुणाला बोलायची न्हाई. जिला नसंल तिच्या भरते.”

उत्तर मला माहीत होतं. एका शब्दात निदान काहीतरी पदरात पडलं असतं. पण एकीला नाही म्हटलं की दुसरीचं काय उरलं? आणि दोघींना आहे किंवा दोघींना नाही, तरी ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

“ते मी सांगणार नाही. दोघींच्या भरा. त्यांच्यानंतर माझ्या भरा, याच जागेवर.”

“मग आमी न्हाई बसायचो,” निळ्या साडीतली एक बाई म्हणाली. “हिचं काय जातंय? ही उद्या एसटीत बसून जाईल.”

ते खरंच होतं. पण मी हलले नाही. चाची पाटीकडं बघत राहिल्या. सणाचा धंदा त्यांचा होता, माझा नव्हता. मग त्यांनी कागद घडी घालून पाटीखाली सारला.

“ये गं. हात दे.”

चित्रानं सोनीला पुढं केलं. “आधी हिच्या.”

निळी साडी उठून गेली, तिच्यामागं आणखी दोघी. चाचींनी सोनीचा पंजा दाबला, अंगठा आत वळवला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून सरकवल्या. मग चित्राच्या. चित्रा बांगड्यांकडं बघतच नव्हती. ती चाचींच्या बोटांकडं बघत होती.

शेवटी मी बसले. “लय ताठ हात हाय, सैल सोड!” चाची ओरडल्या, तोवर कट्‌ आवाज झाला. “वाढली बग.” बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. माझ्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. चाचींनी पदर पुढं केला तशी मी हात मागं घेतला. “थांबा, माझं मी पुसते.”

सगळ्यांच्या नजरा माझ्या मनगटावर.

“चाची,” चित्रा म्हणाली, “आता ताईला इचारा की, तिला हाय का?”

मग आत्यांच्या शेजारच्या घरातली वहिनी खो-खो हसत सुटली. “इचारा, इचारा! आपल्याला बी इचारा!”

“मी पण नाही सांगणार,” मी पट्टी लावत म्हटलं. वहिनी पदर खोचून माझ्या जागेवर येऊन बसली.

गेलेल्या तिघी परत आल्या नाहीत. निघताना मी चाचींना म्हटलं, “तुमचं नुकसान झालं.” त्या म्हणाल्या, “झालं. पुढच्या साली बी हितंच बसणार हाय मी. तू ये, पर हात सैल सोडून ये.”

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. आईनं पट्टी बघितली, बांगड्या फिरवून बघितल्या. “त्यांच्यानंतर भरल्यास?” मी हो म्हटलं. तिच्यासाठी आणलेल्या बांगड्या अजून फळीवर आहेत.

पंचमीला मुली आणि बायका हात धरून फेर धरतात. त्या संध्याकाळी मी चित्राला फोन केला.

“फेरात घेतलं?”

“घेतलं की!”

“हात कुणी धरला?”

“एका बाजूनं वहिनीनं.”

“आणि दुसऱ्या?”

“सोनी हुती.”

म्हणजे सोनीच्या पलीकडचा हात मोकळाच राहिला असणार. मी ते विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी जाणारच आहे.