घागरीतले मासे

रिठद गावी आमच्या विहिरीतला गाळ काढायला एक मजूर दर उन्हाळ्यात यायचा. तळाशी बसून गाळ मुठीमुठीनं चाचपायचा, मगच टोपलीत भरायचा. त्यात सापडणारे काळ्या रेघेचे, बोटाच्या पेराएवढे मासे वेगळे काढायचा आणि विहिरीला पाणी आलं की परत सोडायचा. त्याच्या या चेंगटपणावर मी फार चिडायचो.

बहात्तरच्या दुष्काळात नदीचे डोह आटले आणि हे मासे आमच्या विहिरीपुरतेच उरले. गाळ काढता काढता दुपारी तो वर आला, तेव्हा त्याचे ओठ फुटले होते. पिण्यासाठी आणलेली घागर मात्र भरलेलीच होती.

"पाणी काहून नाही पेत रे?" मी खेकसलो.

"त्यात मासे हायेत ना, गुरुजी." माझ्याकडे न बघता, नेहमीसारखा विहिरीत डोकावतच तो बोलला.

"इतका जीव कायले लावतं?"

"हे नदीचे हायेत. तिले पाणी आलं का तिचे तिले वापस करू."

मी घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. तो अर्धं घटाघटा प्याला, उरलेलं त्यानं घागरीत ओतलं आणि दोर धरून पुन्हा खाली उतरला.